झुडपं काढायला ब्रश कटर घेताय? मग निवड पात्यापासून सुरू करा

“मिस्त्री, किती सीसीचं घेऊ?”

ब्रश कटर, म्हणजे लांब नळीच्या टोकाला फिरतं पातं असलेलं झुडपं कापायचं मशीन, घ्यायला निघालेला माणूस हा एकच प्रश्न घेऊन येतो. कुणी आजऱ्याकडच्या काजूच्या बागेसाठी विचारतो, कुणी गगनबावड्याकडच्या पडीक डोंगरासाठी, कुणी पन्हाळ्याच्या पायथ्याला हौसेनं घेतलेल्या वीस गुंठ्यांसाठी. मी सीसी सांगत नाही. आधी विचारतो, रानात काय वाढलंय आणि त्याचं खोड केवढं आहे? बहुतेक जण “झाडोराच की, दुसरं काय असणार” म्हणतात आणि पुन्हा सीसीवर येतात.

आमचं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात, छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं. मशीन आम्ही विकत नाही, त्यामुळे अमकंच घ्या म्हणण्यात आमचं काही साधत नाही. मोडलेली मशिनं मात्र आमच्याच टेबलावर येतात. ती उघडली की दिसतं, गवतासाठी बनवलेलं मशीन कुणीतरी करवंदीच्या जाळीत घातलंय. सीसी भरपूर, पण खालचा गिअरबॉक्स किरकोळ, हँडल गवताचं, आणि पातं मशीनबरोबर फुकट आलेलं.

म्हणून माझा हिशेब खालून वर जातो. आधी खोड, मग पातं, मग गार्ड, हँडल आणि पट्टा, मग गिअरबॉक्स आणि नळी. इंजिन सगळ्यात शेवटी.

रानात आहे काय

दुकानात जायच्या आधी कोयता घेऊन रानात एक फेरी मारा. चार ठिकाणी झुडूप खाली वाकून बुंध्याशी बघा. वरून सगळं सारखंच हिरवं दिसतं, फरक असतो तो बुंध्यात.

रानमोडी डोक्याच्या वर जाते, बघून माणूस घाबरतो, पण तिचं खोड बोटाएवढं आणि आतून भुसभुशीत. ती साध्या पात्याला पण ऐकते. टणटणी, म्हणजे घाणेरी, वेगळी. फांद्या काटेरी आणि एकमेकीत गुंतलेल्या, आणि जुनी असली तर बुंधा मनगटाएवढा झालेला. करवंद उंचीला कमी, पण लाकूड चिवट, काटे जोडीनं, आणि चीक असा की पातं चिकट होऊन त्यावर भुसा बसतो. बांधावरची सुबाभूळ सरळ आणि कडक. एकदा कापली की त्याच जागी चार-पाच धुमारे येतात आणि पुढच्या वर्षी चार-पाच खोडं कापायची होतात. धायटी, निर्गुडी, कारवी यांचे फोक अंगठ्याच्या आसपास.

ढोबळ माप असं धरा. अंगठ्यापर्यंत, म्हणजे २ सेंटीमीटरच्या आत, ही एक तऱ्हा. अंगठ्यापासून ४-५ सेंटीमीटरपर्यंत दुसरी. त्याच्या वर ७ सेंटीमीटरपर्यंत तिसरी. तिसरीतली खोडं रानात दहा-वीसच असतील तर त्यांच्यासाठी मशीन मोठं घेऊ नका, कुऱ्हाडीनं काढा. आणि त्याच्याही वरचं काम चेनसॉचं, खांद्यावरच्या मशीनचं नव्हे.

खोडाबरोबर जमीन पण बघा. आजरा, चंदगड, पन्हाळ्याच्या पठाराकडे जांभा वर आलेला असतो. पाल्याखाली दगड दिसत नाही, पात्याला मात्र पहिल्याच फेरीत सापडतो. नदीकाठच्या काळ्या रानात हा ताप नाही, तिथं बांधावर कुणी पुरून ठेवलेली जुनी काटेरी तार निघते.

पातं

नायलॉन दोरीचं डोकं झुडपाला चालत नाही. एवढंच सांगून पुढे जातो.

तीन दात्यांचं पातं हे आपल्या भागातल्या मिश्र झाडोऱ्यासाठी सगळ्यात कामाचं. जाड पोलादाची तीन टोकं, सहसा २५५ मिलिमीटर व्यासाची. अंगठ्याच्या आतलं सगळं काढतं, गुंतलेली जाळी वरून खाली फोडत जातं, दगडाला लागलं तर धार जाते पण पातं सहसा वाचतं. कानशीनं घरच्या घरी धार लावता येते, आणि एक बाजू बोथट झाली की बहुतेक पाती उलटून बसवता येतात. एक काळजी घ्या. तिन्ही टोकांवर कानशीचे हात सारखे मारा. एका टोकावर जास्त घासलं की पातं एका बाजूला हलकं होतं, मशीन थरथरायला लागतं, आणि ती थरथर तुमच्या मनगटात आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये जाते.

अंगठ्याच्या वरच्या खोडाला तीन दात्यांचं पातं घातलं तर ते कापत नाही, ठोकतं. प्रत्येक ठोक्याला हँडल हिसका देतं. तिथं चाळीस किंवा ऐंशी दातांचं गोल पातं लागतं. बाजारात ‘टीसीटी’ म्हणून मिळतं त्याच्या प्रत्येक दाताच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो. सुबाभळीसारख्या सरळ, मोकळ्या खोडाला याच्यासारखं पातं नाही, कडेनं लावलं की लोण्यासारखं जातं. पण जांभ्याच्या रानात ते घालू नका. कार्बाइड कडक तसाच ठिसूळ. दगडावर एक टोक उडालं की ते कुठं जाईल ते सांगता येत नाही, आणि दोन-तीन टोकं गेलेलं पातं फेकूनच द्यावं लागतं. काम सुरू करण्याआधी आणि मधे मशीन बंद करून दात मोजायची सवय लावून घ्या.

तिसऱ्या तऱ्हेच्या खोडांना करवतीसारख्या दातांचं, २०० किंवा २२५ मिलिमीटरचं जाड पातं येतं. ते चांगल्या ताकदीच्या मशीनवरच आणि त्याच्याच खास गार्डबरोबर. हा गार्ड नुसता कचरा अडवत नाही, खोडाला टेकवून पातं स्थिर धरायला त्याचा उपयोग होतो. गवताचा मोठा प्लास्टिक गार्ड ठेवून करवती पातं बसवणारे मी बघितलेत. त्यांना टेकवायलाच काही नसतं.

घेताना भोक बघा. बऱ्याच मशिनांना २५.४ मिलिमीटरचं, म्हणजे एक इंचाचं भोक लागतं, काहींना २० मिलिमीटरचं. भोक मोठं आणि दांडा बारीक असेल तर वायसर घालून भागवू नका, पातं मध्यावर बसत नाही. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्याकडे सर्रास होते. सुतारकामाचं दहा इंची पातं हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि बऱ्याचदा त्याचं भोक पण एक इंचच असतं. त्यामुळे ते बसतं. बसतं म्हणून चालतं असं नाही. पात्यावर ते मिनिटाला जास्तीत जास्त किती फेऱ्यांना चालेल ते कोरलेलं असतं. तो आकडा तुमच्या मशीनच्या पात्याकडच्या फेऱ्यांपेक्षा वर हवा. टेबलावर लाकूड चिरायला बनवलेलं पातं हातात धरलेल्या मशीनवर, दगडाच्या रानात फिरवणं म्हणजे पायाशी बॉम्ब ठेवणं.

तसंच साखळ्या लावलेली डोकी. मोबाइलवर व्हिडिओ फिरतात, झुडपाचा भुगा होताना बघायला भारी वाटतं. साखळीची एक कडी तुटली की ती गोळीसारखी सुटते. अशा कडीनं माणूस मेल्यावर युरोपियन युनियननं २०१२ साली ब्रश कटरवरच्या साखळीच्या डोक्यांवर बंदी घालायला लावली. आपल्याकडे ती ऑनलाइन मिळतात. मिळू देत.

हँडल, पट्टा, पाठीवरचं की बाजूचं

पातं ठरलं की निम्मं मशीन आपोआप ठरतं. लोखंडी पातं फिरवायचं तर दोन्ही हातांचं, सायकलसारखं हँडल घ्या. गोल कडीचं हँडल गवताचं. त्यात पातं उसळलं की पायाकडे यायला अडवणारं काही नसतं. वाकड्या नळीचं मशीन तर विचारातच घेऊ नका, ते अंगणातल्या दोरीसाठी आहे.

इंजिन पाठीवर आणि पुढे लवचिक केबल असा एक प्रकार मिळतो. उसाच्या बांधावरचं गवत, उतारावरचं गवत, याला तो झकास. माणूस थकत नाही. पण जाड खोडाला पातं अडकून उसळी आली की सरळ नळीवर जसा ताबा राहतो तसा लवचिक केबलवर राहत नाही. त्यामुळे जाळी काढायची असेल तर मी बाजूला लटकवायचं, सरळ आणि एकसंध नळीचंच घ्यायला सांगतो. मधे जोड असलेली दोन तुकड्यांची नळी गाडीत टाकायला सोयीची, पण लाकडाच्या ठोक्यांनी तो जोड ढिला होतो. ‘याच मशीनला कोळपणी पण लागते, पंप पण लागतो’ असं सांगणारा विक्रेता भेटेल. कोळपायचं असेल तर कोळपायचं मशीन घ्या.

पट्टा हा भाग कुणी बघतच नाही. एका खांद्याची पातळ पट्टी दिली असेल तर ती बाजूला काढून दोन्ही खांद्यांचा, कमरेला जाड गादी असलेला पट्टा वेगळा घ्या. हुक उजव्या कमरेच्या हाडाखाली साधारण तळहाताच्या रुंदीएवढा यायला हवा, आणि हात सोडले की पातं जमिनीवर न टेकता जरा वर तरंगायला हवं. दुकानातच घालून बघा. तिथंच पट्ट्याचा झटपट सुटणारा खटका पण दोन-तीनदा ओढून बघा. गांधीलमाश्या उठल्या किंवा टाकीला आग लागली तर तेवढ्या एका ओढीत मशीन अंगावरून सुटायला हवं.

गिअरबॉक्स

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतं ते इथलं दुखणं. नळीच्या टोकाला मुठीएवढा अॅल्युमिनियमचा डबा असतो, त्यात दोन तिरपे गिअर. इंजिनाची ताकद तिथं वळण घेऊन पात्याला जाते.

मागे आजऱ्याकडचे एक मामा मशीन घेऊन आले. “पातं फिरतंय, पण वास येतोय बघा.” नट काढला, पातं काढलं, खालची चकती काढली. गिअरबॉक्सचा दांडा दिसेनाच. त्याभोवती टणटणीच्या सालीचा घट्ट पिळलेला दोर बसला होता, अगदी सुतळीच्या रिळासारखा. स्क्रू ड्रायव्हरनं उकलला तसा लांबच लांब निघत गेला. त्याच्या खाली रबरी सील फाटलेलं. सील फाटल्यावर ग्रीस बाहेर आणि माती आत. बेअरिंगच्या गोळ्या तापून निळसर पडलेल्या आणि बोटानं हलवल्यावर खुळखुळ वाजत होत्या. मामांनी ग्रीस वेळच्या वेळी भरलं होतं, पण चकतीखाली काय साठतंय ते पातं न काढता दिसणार कसं? टणटणी किंवा वेली कापत असाल तर जेवणाच्या सुट्टीत प्लगची टोपी काढून ठेवा, पातं उतरवा आणि दांडा साफ करा. दहा मिनिटांचं काम.

पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो, हे पण इथंच सांगून ठेवतो. सोडायला घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. नेहमीच्या सवयीनं जोर लावून दांड्याचे आटे उडवलेली मशिनं आम्ही बघतो.

मशीन घेताना गिअरबॉक्ससाठी एवढं करा. पातं धरून वर-खाली आणि बाजूला हलवा. नव्या मशीनमध्ये खुळखुळ अजिबात नको. बाजूला ग्रीसचा स्क्रू असतो, तो काढायला लावा आणि आत बघा. स्वस्त मशिनांत आत नावाला ग्रीस असतं. नसलं तर पहिल्यांदा चालवायच्या आधी भरा, पण गच्च भरू नका, थोडी जागा रिकामी ठेवा, नाहीतर तापून सीलमधून बाहेर येतं. पुढे साधारण २५ तास चालल्यावर पुन्हा बघायचं.

नळीचा व्यास विचारा. चायना मशिनांत २६ आणि २८ मिलिमीटर असे दोन प्रकार जास्त चालतात. आतल्या दांड्याच्या टोकाला खाचा असतात, ७ किंवा ९. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. पुढे गिअरबॉक्स बदलायची वेळ आली की दुकानदार हेच विचारणार. लाकडाच्या कामाला २८ ची नळी बरी.

आता इंजिन

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक यावर लोक वाद घालत बसतात. जाळी आणि लाकूड काढायला टू-स्ट्रोक हलकं पडतं आणि लवकर फेऱ्या धरतं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज कमी, धूर नाही. होंडाचं जीएक्स ३५ हे ३५.८ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन आपल्याकडे बऱ्याच मशिनांवर दिसतं. कसंही तिरकं धरलं तरी चालतं, आणि अंगठ्याच्या आसपासच्या झाडोऱ्याला पुरतं. दुसरीकडे स्टिलचं एफएस २५० घ्या, ४०.२ सीसी, टू-स्ट्रोक, ताकद १.६ किलोवॅट, पातं आणि पेट्रोल सोडून वजन ६.३ किलो. गोल दातांचं पातं रोज फिरवायचं असेल तर दीड किलोवॅटच्या आसपासचं मशीन बघा. बघायचा आकडा हा किलोवॅटचा. सीसीवरून ताकद कळत नाही.

चायना मशिनांवर ५२, ५८, ६२, ६५ असे सीसीचे स्टिकर असतात. स्टिकरकडे न बघता इंजिनावर काय कोरलंय ते बघा. १ई४०एफ किंवा १ई४४एफ असा इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. त्यातला ४० किंवा ४४ म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. यांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, साधारण ३४ मिलिमीटर. व्यासावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून स्ट्रोकनं गुणलंत तर ४० वाल्याचे ४२.७ सीसी होतात आणि ४४ वाल्याचे ५१.७. आता ४४ चा शिक्का आणि वर ६२ चं स्टिकर असेल तर ते दहा सीसी कुठून आले हे विक्रेत्याला विचारा. वाईट मशीन आहे असं मी म्हणत नाही. ५१.७ चं इंजिन झुडपाला भरपूर झालं. पण जो स्टिकरवर खोटं लिहितो त्याच्या पात्यावरच्या आकड्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

मग चायना घ्यायचं का? वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, एक-दोन एकर साफ करायचं असेल तर घ्या. सुटे भाग स्वस्त आहेत आणि शहरात मिळतात. चांगल्या कंपनीच्या मशीनच्या किमतीत अशी तीन येतात. पण गडी लावून महिनाभर रोज चालवणार असाल, किंवा दुसऱ्यांची रानं हजेरीवर साफ करून देणार असाल, तर कंपनीचं घ्या आणि त्याआधी एक काम करा. त्या मशीनचा क्लच, कार्ब्युरेटरचा डायफ्राम आणि स्टार्टरची दोरी कोल्हापुरात कुठल्या दुकानात मिळते ते विचारून या. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर सीझनमध्ये मशीन पडून राहणार, हे धरून चाला. बॅटरीवरची मशिनं गवताला आणि बंगल्याच्या आवाराला चांगली, पण डोंगरावर दिवसभर लाकूड कापताना चार्जिंगला कुठं लावणार?

चालू करून बघायचं ते असं. थंड इंजिन दुकानदार चालू करून देतोच. पाच-दहा मिनिटं चालू द्या, बंद करा, आणि तापलेलंच तुम्ही स्वतः दोरी ओढून चालू करून बघा. मग अॅक्सिलरेटर सोडून द्या. पातं थांबलं पाहिजे. इंजिन नुसतं चालू असताना पातं फिरत राहिलं तर एकतर स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरायचा वेग, जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेली आहे. तसं मशीन अंगावर घालायचं नाही.

अनुदान बघणाऱ्यांसाठी एकच वाक्य. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, अर्ज केला असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल फाडू नका.

पेट्रोल आणि ऑइल

टू-स्ट्रोकला किती ऑइल ते मशीनच्या पुस्तकात बघा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. मापाची बाटली वापरा, झाकणानं अंदाज नको. मोटरसायकलच्या इंजिनातलं ऑइल यात चालत नाही, टू-टीच हवं.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत पण तयार होतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गगनबावड्याच्या पावसात चार महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल म्हणजे कार्ब्युरेटरचा कार्यक्रमच. डायफ्राम कडक होतो, नळ्या चिकट होतात. मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या वर ठेवू नका. सीझन संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

रानात गेल्यावर

पातं वरून बघताना घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतं. पात्याची तबकडी घड्याळ समजा, बारा समोर. खोडाला लावायचं ते आठ ते अकराच्या मधल्या भागानं, म्हणजे डाव्या अंगानं. उजवीकडून डावीकडे झाडत जायचं. बारा ते तीनचा भाग लाकडाला लागू द्यायचा नाही. तिथं खोड लागलं की दात धरून बसत नाहीत, मशीन झटक्यानं उजवीकडे आणि मागे उसळतं. ज्यांना ‘मशीन फार मारतंय’ असं वाटतं, त्यांनी पातं कुठून लागतंय ते बघावं. पूर्ण फेऱ्या धरल्यावरच पातं खोडाला लावा, आत अडकल्यावर रेस वाढवून सोडवायला जाऊ नका.

टणटणीची किंवा करवंदीची उंच जाळी एकदम बुंध्याशी कापू नका. वरचं सगळं ओझं अंगावर येतं आणि काटे पट्ट्यात गुंततात. तीन दात्यांचं पातं वरून खाली बुडवत जाळी थराथरानं फोडत या, पण पातं कमरेच्या वर उचलू नका. त्याहून उंच असेल तो भाग आधी लांब दांड्याच्या कोयत्यानं खाली पाडा. मग फोडलेलं दाताळ्यानं बाजूला ओढा, बुंधे उघडे पडू द्यात, आणि शेवटी गोल पातं लावून बुंधे जमिनीलगत काढा. वीतभर तिरके खुंट ठेवलेत तर ते भाल्यासारखे उभे राहतात. पायात जातात, ट्रॅक्टरचं टायर फोडतात.

सुरू करायच्या आधी काठीनं जाळी चांगली बडवा. घोणस आणि फुरसं आवाजानं पळतातच असं नाही, पण तुम्हाला निदान दिसतात. दाजीपूर, राधानगरीच्या बाजूला जाळीत गवा बसलेला असू शकतो, तिथं चौघांनी मिळून आवाज करत आधी एक फेरी मारा. तार, बाटल्या, दगड वेचा. मशीन चालू असताना १५ मीटरच्या आत कुणी नको, पाला ओढणारा गडी सुद्धा नाही. तोंडावर जाळीचा पडदा, त्याच्या आत चष्मा, कानाला मफ, पायात जाड बूट आणि नडगीला गार्ड. हेल्मेट घातलेल्या माणसाला कुणी हाक मारली तर ऐकू जात नाही, म्हणून कधी पण मागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही हे घरच्यांना सांगून ठेवा. समोरून यायचं, लांबूनच हात दाखवायचा.

हिरडा, ऐन, जांभूळ यांची रोपं झाडोऱ्यात लपलेली असतात. आधीच त्यांना लाल चिंधी बांधा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात ही झाडं आहेत, मोठं झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. वनखात्याची हद्द लागून असेल तर तिकडची टणटणी पण सोडून द्या.

मुळांचं काय

मशीननं कापलेली टणटणी पहिल्या पावसात पुन्हा फुटते आणि पहिल्यापेक्षा दाट येते. तुमच्या पात्याचा त्यात दोष नाही, ती बुंध्यातून धुमारे काढते. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांनी यावर पद्धत बसवली आहे. मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडायचं आणि उपटलेलं झुडूप बुडखा वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. मशीननं जाळी मोकळी करून आत शिरायला वाट करा आणि बुडख्याला कुदळ घाला. माती ओली असते तोवर हे सोपं जातं. रानमोडीचं गणित वेगळं, ती दिवाळीनंतर फुलते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बी वाऱ्यावर सोडते. फुलायच्या आधी कापली तर पुढच्या वर्षीचं काम कमी होतं, बी धरल्यावर कापली तर तुम्हीच ती सगळ्या रानात झाडून पसरवता. सुबाभूळ मोठी व्हायच्या आत, रोप बोटाएवढं असताना, पहिल्या पावसानंतर हातानं उपटा.

मशीन घ्यायला जाल तेव्हा एक चांगली कुदळ पण घेऊन या. पापाच्या तिकटीला मिळेल.